रॅम्पवर ट्रेलरचा प्लग काढायचा की लावलेला ठेवायचा?

मेमोरियल डेचा लाँग वीकेंड जवळ आला की न्यू जर्सीतल्या आपल्या बोटवाल्या मंडळींचे तेच तीन प्रश्न सुरू होतात. घरून निघताना सगळे दिवे लागत होते, बोट उतरवून ट्रेलर पाण्याबाहेर काढला आणि एक बाजू मेली. रिव्हर्स घेताना ट्रेलर जागचा हलत नाही, गाडी नुसती जोर लावत राहते. आणि परतीच्या वाटेवर एक चाक इतकं तापतं की हात लावता येत नाही. तिन्हींना तीन वेगळे इलाज सांगितले जातात. त्यातला पहिल्याचा इलाज, म्हणजे ‘रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, ट्रेलरला गाडीतून वीज देणारा प्लग काढून ठेवा’, हाच पुष्कळदा दुसऱ्याचं कारण असतो.

तेव्हा प्लग काढावा की नाही हे ठरवण्याआधी तुमच्या ट्रेलरच्या प्लगला वायरी किती आहेत ते बघा. कोकणात होडी माणसं लावून वाळूवर ओढून घेतात. त्यामुळे ट्रेलर, कपलर (ट्रेलरच्या दांड्याचं गाडीला अडकणारं टोक), हिच (गाडीच्या मागचा बॉलचा जोड) ही भानगड आपल्यापैकी बहुतेकांना इथे येऊनच कळते, आणि कळते तीही बोट विकत घेतल्यावर. म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

चपट्या प्लगला चार वायरी असतील तर हिशोब सोपा आहे. पांढरी ग्राउंड, म्हणजे करंट परत जायची वाट, तपकिरी टेल लाइट आणि बाजूच्या छोट्या दिव्यांची, पिवळी डावा इंडिकेटर आणि ब्रेक लाइट, हिरवी उजवा इंडिकेटर आणि ब्रेक लाइट. पाचवी निळी वायर असेल तर ती दिव्यांची नाहीच. ती ब्रेकची आहे, आणि तिच्यात करंट येतो तो गाडीच्या रिव्हर्स लाइटमधून.

१८ ते २२ फुटी बोटींच्या ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात. गाडीच्या ब्रेक पेडलशी त्यांचा थेट संबंध काहीच नाही. गाडी मंदावली की ट्रेलर मागून ढकलतो, कपलर आत सरकतो, आतला दांडा मास्टर सिलिंडर दाबतो आणि ब्रेक ऑइलच्या दाबाने ट्रेलरची चाकं धरली जातात. पण रिव्हर्समध्येही गाडी कपलर दाबतेच. ब्रेक मारलाय की मागे जायचंय, हे मास्टर सिलिंडरला कळायला काही मार्ग नसतो. म्हणून डिस्क ब्रेक असलेल्या ट्रेलरवर ऑइलच्या वाटेत एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडबंद होणारी झडप, बसवतात. रिव्हर्स गिअर पडला की निळ्या वायरीतून १२ व्होल्ट येतात, व्हॉल्व्ह बंद होतो आणि ऑइल चाकांपर्यंत पोचत नाही.

आता तुम्ही दिवे वाचवायला प्लग उपसलात. निळी वायर पण गेली. सपाटीवर किंवा चढावर रिव्हर्स टाकलात की ब्रेक लागणारच. ट्रेलर बिघडलेला नाही, त्याला जे सांगितलंय तेच तो करतोय.

ड्रम ब्रेकवाल्यांची गोष्ट वेगळी. सर्ज ट्रेलरसाठीचे बरेचसे ड्रम ‘फ्री बॅकिंग’ असतात, म्हणजे चाक उलटं फिरताना ब्रेक शू फारसे धरतच नाहीत. त्यांना सोलेनॉइड लागत नाही आणि प्लगही चार वायरींचा असतो. अशा ट्रेलरवर प्लग काढला तर ब्रेकला काही फरक पडत नाही. शेजाऱ्याचा सल्ला शेजाऱ्याच्या ट्रेलरवर बरोबर असतो आणि तुमच्यावर चुकतो, तो यामुळे.

अजून एक गोष्ट, जी फार थोडे लोक लक्षात घेतात. रॅम्पच्या उतारावर मागे जाताना ट्रेलर स्वतःच्या वजनाने गाडीपासून लांब ओढला जात असतो. कपलर दाबला जात नाही, उलट ताणलेला राहतो. म्हणजे व्हॉल्व्ह काम करत नसला तरी उतारावर ब्रेक सहसा लागत नाहीत. ते लागतात रॅम्पच्या आधीच्या सपाट जागेत वळवताना, रॅम्पच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्यावरून नेताना, आणि सगळ्यात जास्त घरच्या चढाच्या ड्राइव्हवेत ट्रेलर मागे ढकलताना. ‘रॅम्पवर ठीक चालतं, घरी अडतं’ अशी तक्रार असेल तर रॅम्प निर्दोष आहे. निळ्या वायरीकडे बघा.

याचीच दुसरी बाजू धोक्याची आहे. उतारावर कपलर दाबला जात नाही, म्हणजे तिथे सर्ज ब्रेक तुम्हाला अजिबात मदत करत नाहीत. बोट, ट्रेलर, टाकीतलं पेट्रोल, सगळं वजन एकट्या गाडीच्या ब्रेकवर. रॅम्पचा उतार साधारण १२ ते १५ टक्के असतो. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागची चाकं धरतो आणि मागची चाकंच शेवाळावर असतात. लिओनार्डोसारख्या खाऱ्या पाण्याच्या रॅम्पवर ओहोटीला गेलात तर हे शेवाळ पुरेपूर भेटतं, कारण ट्रेलर आणखी खाली न्यावा लागतो. म्हणून आधी पायाने ब्रेक धरून हँडब्रेक पूर्ण ओढा, मग पार्कमध्ये टाका, आणि गाडीतून उतरण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी चाकामागे ठोकळा लावायला सांगा. दुसरं कुणी नसेल तर उतरल्यावर पहिलं काम ते, बोटीची दोरी नंतर.

व्हॉल्व्ह चालतो की नाही हे घरीच पाच मिनिटांत कळतं. ट्रेलर गाडीला जोडा, प्लग लावा, चाकांना ठोकळे लावा. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा, हँडब्रेक ओढा, आणि आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबून रिव्हर्स टाकायला सांगा. तुम्ही कपलरजवळ बाजूला उभे राहून कान द्या. टक्‌ असा बारीक पण स्पष्ट आवाज आला पाहिजे, गिअर काढला की पुन्हा टक्‌. सोलेनॉइडला बोट लावून ठेवलंत तर तो ठोका बोटालाही जाणवतो. आवाज आला तर वायरिंग ठीक आहे. आवाज नाही आला तर आधी गाडीचे स्वतःचे रिव्हर्स लाइट लागतायत का ते बघा. निळी वायर कुठे घासून फ्रेमला टेकली असेल तर रिव्हर्स लाइटचाच फ्यूज उडतो, आणि आपण उगाच व्हॉल्व्ह बदलत बसतो.

गाडीला सात पिनांचं गोल सॉकेट आणि ट्रेलरला पाच वायरींचा चपटा प्लग असेल तर मध्ये अ‍ॅडॅप्टर येतो. इथे एक सापळा आहे. सात पिनांच्या पद्धतीत निळी वायर ही इलेक्ट्रिक ब्रेकची, आणि रिव्हर्सची पिन मधली. पाच वायरींच्या प्लगमध्ये मात्र निळी म्हणजे रिव्हर्स. कुणी नुसता रंग बघून निळीला निळी जोडली असेल आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला करंट देणारं यंत्र) असेल, तर तुम्ही ब्रेक दाबाल तेव्हा सोलेनॉइडला करंट जाणार आणि ट्रेलरचे ब्रेक ऐन गरजेच्या वेळी बंद होणार. रिव्हर्समध्ये मात्र करंट मिळणार नाही, म्हणजे तिथे ते लागणार. दोन्हीकडून उलटं. जुना ट्रेलर घेतला असेल तर हे टेस्ट लॅम्प लावून तपासाच. रिव्हर्स टाकल्यावर मधल्या पिनवर दिवा लागला पाहिजे आणि ट्रेलरची निळी तिथेच गेलेली असली पाहिजे.

सगळं ठीक असूनही कधी कधी ब्रेक धरून राहतात. त्याचं कारण म्हणजे ब्रेक मारून थांबायचं आणि लगेच रिव्हर्स टाकायचं. कपलर दाबलेलाच असतो, ऑइलचा दाब आत असतो आणि वरून व्हॉल्व्ह बंद होतो. दाब आतच कोंडला जातो. इलाज फुकटचा आहे. गाडी दोन-तीन फूट पुढे घ्या, कपलर ताणला जाईल, मग रिव्हर्स टाका.

आता दिव्यांकडे. प्लग काढायचा सल्ला निघाला तो जुन्या काचेच्या बल्बमुळे. तापलेला बल्ब थंड पाण्यात गेला की काच तडकते, किंवा दिव्याच्या डब्यातली गरम हवा आक्रसते आणि बारीक फटीतून पाणी आत ओढून घेते. मग शॉर्ट, मग फ्यूज, मग अंधारात रूट ३६ वरून घरी. हेडलाइट बंद ठेवले म्हणजे भागलं असं वाटतं. पण रॅम्पवर तुमचा पाय सतत ब्रेकवर असतो, म्हणजे ट्रेलर पाण्यात जाताना ब्रेकचे बल्ब नेमके पेटलेले आणि तापलेले असतात. टेल लाइटपेक्षा तेच आधी जातात.

सीलबंद एलईडीला यातलं काहीच लागू नाही. काच नाही, तापणं नाहीच्या बरोबर. पाणी त्रास देतं ते फक्त जोडांमधून. म्हणून माझं मत सरळ आहे. पाचवी वायर आणि एलईडी असेल तर प्लग लावलेलाच ठेवा. चार वायरी आणि जुने बल्ब असतील तर पार्किंगच्या बाजूला, पट्टे सोडायच्या जागीच प्लग काढा. पाचवी वायर आणि जुने बल्ब, ही सगळ्यात वाईट जोडी. तिच्यासाठी युक्त्या शोधत बसण्यापेक्षा दिव्यांची जोडी एलईडी करून टाका. तोपर्यंत कपलरची लॉकआउट किल्ली किंवा पिन वापरता येते, म्हणजे कपलर आत सरकूच शकत नाही. बऱ्याच कपलरना ती सोय असते. फक्त काम झाल्यावर ती काढायची आठवण राहिली पाहिजे, नाहीतर हायवेवर ट्रेलरला ब्रेकच नाहीत. काही कंपन्यांची पिन पुढे जाताना आपोआप गळून पडते, काहींची नाही. तुमची कुठली ते आधी माहीत करून घ्या आणि पिनेला लाल फडकं बांधून ठेवा.

ब्रिटनमध्ये छोट्या बोटींच्या ट्रेलरवर दिवे एका सुट्या पाटीवर असतात. पाण्यात जाण्याआधी पाटीच काढून गाडीत ठेवायची. मला ही पद्धत फार आवडते. इथे तिचं चलन का नाही कोण जाणे.

प्लग काढला काय, ठेवला काय, रॅम्पवर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालायचा नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. हे दिव्यांपेक्षा हबसाठी, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या डब्यासाठी, जास्त गरजेचं आहे. लांबून आलेला हब गरम असतो, ब्रेक असतील तर आणखीच. थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि मागच्या सीलमधून पाणी आत शिरतं. ग्रीसचं दुधी ताक होतं आणि एका हंगामात बेअरिंग जातं. हबच्या टोकाला स्प्रिंगवाली ग्रीसची टोपी असते ती याचसाठी, ग्रीसवर सतत थोडा दाब ठेवायला. ती भरलेली असली तरी थांबा. फळी, दोऱ्या, लाइफ जॅकेट, बोटीचं पाणी काढायच्या भोकाचं बूच यात तेवढा वेळ जातोच.

बाहेर आल्यावर एक बाजू मेली असेल तर पहिला संशय बल्बवर घेऊ नका. बिघाड कुठे असेल ते लक्षणंच सांगतात. डावा इंडिकेटर दिला आणि उजवीकडचा दिवाही मंद लुकलुकला, किंवा ब्रेक दाबला की टेल लाइट विझला, तर ग्राउंड गेलंय. एकाच बाजूचं फक्त इंडिकेटर-ब्रेक नाही, टेल लाइट आहे, तर पिवळी किंवा हिरवी तुटलीय, नाहीतर तोच दिवा गेलाय. दोन्हीकडचे टेल लाइट एकदम गेले आणि इंडिकेटर चालू आहेत, तर तपकिरी किंवा तिचा फ्यूज. गाडीत ट्रेलरच्या दिव्यांचा फ्यूज बहुतेक वेळा वेगळा असतो, गाडीचे दिवे नीट लागतात म्हणून तो शाबूत आहे असं समजू नका. आणि सगळंच बंद असेल तर माफ करा, पण आधी प्लग लावलाय का ते बघा.

ट्रेलर उघडायला घेण्याआधी गाडीचं सॉकेट एकटं तपासा. टेस्ट लॅम्पची पिन आळीपाळीने प्रत्येक ठिकाणी लावा. ज्या गाड्यांत इंडिकेटर पिवळा आणि वेगळा असतो त्यांत दोन्ही सिग्नल एकत्र करणारा छोटा कन्व्हर्टर डबा बसवलेला असतो. पाण्यात शॉर्ट झाला की पुष्कळदा तोच मरतो, आणि ट्रेलरमध्ये काही केलं तरी गुण येत नाही.

ग्राउंडचं बघताना लांब वायरीचा एक तुकडा घ्या. एक टोक गाडीच्या चांगल्या ग्राउंडला, दुसरं थेट दिव्याच्या मागच्या बोल्टला. दिवा लखलखला तर रोग सापडला. बहुतेक ट्रेलरवर पांढरी वायर पुढे दांड्याजवळ फ्रेमला एका स्क्रूने लावलेली असते आणि मागचे दिवे फ्रेममधूनच ग्राउंड घेतात. खाऱ्या पाण्यात दोन-चार हंगाम गेले की तो स्क्रू आणि बोल्ट, दोन्हीखाली पांढरी भुकटी किंवा गंज साठतो. मग करंट हिचच्या बॉलमधून वाट काढतो. बॉलला ग्रीस, कपलर हलता. म्हणून खड्ड्यात दिवे लागतात, सपाट रस्त्यावर विझतात. स्क्रू घासून पुन्हा लावला की महिनाभर चालेल. कायमचं करायचं तर प्रत्येक दिव्याला वेगळी पांढरी वायर पुढच्या प्लगपर्यंत ओढा आणि फ्रेमचा भरवसा सोडून द्या.

वायर घ्यायची ती बोटीसाठीची, कथिलाचा मुलामा असलेली. जुनी वायर सोलली की आत तांबं काळं दिसेल. अजून इंचभर कापा, परत काळं. खारं पाणी इन्सुलेशनच्या आतून तारेतून पुढे पुढे चढत जातं, त्यामुळे बाहेरून कोरी दिसणारी वायर आत फूटभर मेलेली असते. लालसर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत राहा. ते लागलंच नाही तर पूर्ण वायर बदला. जोड क्रिम्पचा, म्हणजे पकडीने दाबून बसवलेला, वरून आत गोंद असलेली नळी गरम करून बसवायची. वायरीला चावा घेणारे निळे प्लास्टिकचे चिमटे बोटीच्या ट्रेलरवर वापरूच नका, ते इन्सुलेशन फोडून पाण्याला दार उघडून देतात. प्लगच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवा. प्लग काढल्यावर तो विंचच्या (बोट ओढायच्या चरख्याच्या) खांबाला अडकवा, लोंबकळत ठेवलात तर रॅम्पच्या काँक्रीटवर पिना घासून वाकतात.

राहिलं तापणारं चाक. घरी आल्यावर ट्रेलर जॅकवर उचला, चाक हाताने फिरवा. घट्ट असेल तर त्या चाकाच्या ब्रेकचा ब्लीडर, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, थोडा सैल करा. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक सुटलं, तर दाब अडकलाय, म्हणजे दोष मागे कुठेतरी आहे. चाक तरीही घट्ट, तर दोष तिथेच आहे. कॅलिपरच्या (डिस्कला पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) सरकत्या पिना गंजल्यात किंवा पिस्टन अडकलाय. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने न धुतलेल्या डिस्कचं हे ठरलेलं दुखणं. ड्रममध्ये तर मीठ आत साठूनच राहतं, त्याला पाइप लावून धुण्याची नळी मिळते, ती बसवून घ्या.

दाब अडकला असेल तर तीन जागा बघा. रबरी होज आतून सुजतो, ऑइल जोराने आत जातं पण परत येत नाही. होजचा कपलरकडचा जोड सैल केल्यावर चाक सुटलं नाही आणि चाकाकडचा केल्यावर सुटलं, तर होजच. दुसरी जागा ब्रेकअवे केबल. ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावून टाकणारी ही बारीक तार रॅम्पजवळ काटकोनात वळताना ताणली जाते आणि लिव्हर अर्धवट ओढलेला राहतो. अशा वेळी सगळीच चाकं तापतात. केबलला थोडी ढील द्या, पण सेफ्टी चेनपेक्षा ती लांब करू नका. लिव्हरची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने उचकटून मोकळी करता येते.

तिसरी जागा सहसा कुणी बघत नाही. आधीच्या मालकाने ड्रम काढून डिस्क बसवल्या असतील आणि कपलरचा मास्टर सिलिंडर मात्र जुनाच ठेवला असेल. ड्रमच्या सिलिंडरमध्ये थोडा दाब लाइनमध्ये सतत धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो हवा असतो, कारण आतल्या स्प्रिंगा शू मागे ओढतात. डिस्कला मागे ओढणारं काही नसतं, त्यामुळे तेवढ्या दाबाने पॅड कायम घासत राहतात. कॅलिपर बदला, होज बदला, पॅड बदला, चाक तापतच राहणार. तो व्हॉल्व्ह काढून टाकता येतो का हे कपलरच्या मॉडेलवर अवलंबून आहे. येत नसेल तर डिस्कसाठीचाच कपलर मागवा, आणि मागवताना सोलेनॉइडसकट मागवा.